नामकरणाचा अधिकार

मुलाचें बारसें होतें तेव्हां त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. आत्या कानांत नांव सांगते, आणि पुढें सारा जन्म तें नांव त्याला वागवावें लागतें. संस्थेची गोष्ट निराळी आहे. येथें नांव ठेवणारे आणि तें वागविणारे एकच असतात. म्हणूनच संस्थेच्या नामकरणांत वादाला जागा राहते, आणि आमच्या मतें त्या वादांत नीतीचा एक प्रश्नही दडलेला असतो. अनेकांच्या वतीनें बोलणारें नांव अनेकांनीं कोणत्या न्यायानें ठरवावें?

संगीताच्या मंडळ्यांकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे तें कळतें. मुंबईस 1870 सालीं कैखुश्रू काबराजी यांनीं ‘पारशी गायन उत्तेजक मंडळी’ काढली. पुण्यास 1874 सालीं ‘पूना गायन समाज’ निघाला. पहिलें नांव कार्य सांगतें, दुसरें माणसांचा मेळ सांगतें. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं 1901 सालीं लाहोरास ‘गांधर्व महाविद्यालय’ स्थापिलें, तेव्हां गवयाचा धंदा पुष्कळ घरांत हलका समजला जात असे. त्या नांवांतील ‘विद्यालय’ हा शब्द म्हणजे शिष्टसमाजाला दिलेलें उत्तरच होतें. गाणें ही विद्या आहे, आणि विद्या उघड्या दारानें शिकवावयाची असते, हें त्या एका शब्दानें सांगितलें. तेव्हां नांव ही केवळ पाटी नव्हे. तें एक वचन असतें.

घराण्यांचीं नांवें कोठें सभा भरवून ठरलीं, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा हीं गांवांचीं नांवें लोकांच्या तोंडीं बसलीं आणि टिकलीं. परंतु रूढीनें पडलेल्या नांवाची जबाबदारी कोणा एकावर येत नाहीं. विचार करून ठेवलेल्या नांवाची येते. निवड आली कीं तिच्यामागून जबाब देणेंही आलेंच.

एका श्रोतृमंडळाच्या अशा चर्चेला हजर राहण्याचा योग आम्हांस आला होता. मंडळी निरनिराळ्या गांवची, परंतु एकमेकांस ध्वनिमुद्रिका ऐकवून स्नेह जडलेली. कोणी रागाचें नांव सुचविलें, कोणी दिवंगत गायकाचें. शेवटीं ‘अभिजात संगीत मंडळ’ या नांवाकडे बहुतेकांचा कल दिसला. हात वर होणार इतक्यांत एक बाई शांतपणें म्हणाल्या, “माझे आजोबा तमाशांत ढोलकी वाजवीत. लय म्हणजे काय तें मी त्यांच्यापासून शिकलें. या नांवाच्या दारांतून मी आंत येईन, पण आजोबा बाहेरच राहतील.” सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाई, तुमचें म्हणणें खरें, पण बहुमत तर झालें आहे.”

झालें होतें खरें. तथापि त्यानें प्रश्न सुटतो काय? बैठक शनिवारीं असावी कीं रविवारीं, हें बहुमतानें ठरवावें. हरणाऱ्याची त्यांत थोडी गैरसोय होते, इतकेंच. परंतु नांव हें हरणाऱ्यालाही स्वतःच्या तोंडानें उच्चारावें लागतें. उलट, प्रत्येकाची संमति हवीच असें म्हटलें तर एका हट्टी सभासदाच्या हातीं सर्वांची दोरी जाते, आणि अखेर कोणालाच न खटकणारें, म्हणून कोणालाच न आवडणारें एखादें निर्जीव नांव पदरीं पडतें.

आम्हांस येथें एक भेद करावासा वाटतो. ‘हें नांव मला रुचत नाहीं’ ही एक तक्रार; ‘या नांवांत मला जागा नाहीं’ ही दुसरी. पहिलीनें बहुमतापुढें मान तुकवावी. लोकांत राहावयाचें तर एवढें शिकावेंच लागतें. दुसरीला मात्र मतें मोजण्यापूर्वीं उत्तर मिळालें पाहिजे, मग ती एकाच व्यक्तीची कां असेना. संख्येनें आवडीचा निकाल लागतो. अपमानाचा लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं प्रत्येक नांव कोणाला तरी वगळतेंच. खरें आहे, सर्वांना सामावणारें नांव कशाचेंच नसतें. पण वगळणें आणि खालीं बसविणें यांत अंतर आहे. ‘ध्रुपद मंडळ’ म्हटल्यानें लावणीचा उपमर्द होत नाहीं. तेथें काय चालतें एवढेंच तें सांगतें. ‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थच कुलीन, उच्च कुळांत जन्मलेला. तो वस्तु सांगत नाहीं, पायरी सांगतो.

आणखी एक पक्ष सभेंत कधींच हजर नसतो: मागून येणारे. लखनौस 1926 सालीं पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनीं संगीताचें महाविद्यालय निघालें, तें तेव्हांचे गव्हर्नर मॅरिस यांच्या नांवानें. 1966 सालीं त्यास भातखंडे यांचें नांव मिळालें. सत्तेला वाहिलेलें नांव सत्तेबरोबर ओसरलें. कार्याशीं जडलेलें राहिलें. पुण्यांत सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 सालीं सुरू झालेल्या महोत्सवास, भीमसेन जोशी 2011 सालीं निवर्तल्यावर, त्यांचेंही नांव जोडलें गेलें. गुरूचें नांव न पुसतां शिष्याचें त्याशेजारीं बसलें. पुढच्यांना अशी जागा ठेवणारें नांव आम्ही उदार समजतों.

त्या सभेंत अखेर ‘अभिजात’ हा शब्द बहुमतवाल्यांनींच मागें घेतला आणि ‘संगीत श्रोतृमंडळ’ हें साधें नांव घेतलें. कित्येकांना तें फिकें वाटलें असेल. परंतु श्रोता होण्यासाठीं कुळ लागत नाहीं. कान लागतो, आणि थोडा वेळ स्वतः गप्प राहण्याची तयारी लागते. ती तयारी ज्यांना गाण्यापुढें साधते, त्यांनीं ती एकमेकांपुढेंही दाखवावी, एवढें मागणें फार नव्हे.