गालिच्याचा सौदा

घरासाठी नवा गालिचा घ्यायला निघालात तर घासाघीस अवश्य करा. शरीयतने ती निषिद्ध मानलेली नाही. हजरत जाबिर (रजि.) यांचा थकलेला उंट प्रेषितांनी (स.) भाव ठरवूनच विकत घेतला होता. प्रश्न आहे तो भाव कशाच्या बळावर पाडला जातो, याचा. शेजारच्या दुकानात आपण पाऊलही ठेवलेले नसते, तरी ‘तिथे हजाराने स्वस्त आहे’ असे बेधडक सांगतो. वीण उत्तम आहे हे बोटांना कळलेले असते. जीभ मात्र तिला सुमार ठरवते. (मीही हे केले आहे, आणि तो दुकानदार माझ्याच मागे नमाज अदा करणारा होता.) हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनवासीयांना मापात पाप करू नका एवढेच सांगितले नाही, लोकांच्या वस्तू कमी करून देऊ नका, असेही बजावले. चांगल्या मालाला जाणूनबुजून नावे ठेवणे त्यातच मोडते. तेव्हा गालिचा उलटून गाठी पाहा, दोष असेल तर दाखवा, आपली ऐपत मोकळेपणाने सांगा. मदीनेत पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) जाबिर यांना ठरलेली किंमत दिली, वर थोडे अधिक दिले आणि उंटही परत केला.