दहा डॉलर एकोणसत्तर सेंट

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, समुद्राकाठी इल्फ्राकूम नावाचं छोटं गाव आहे. मार्कस हचिन्स हा मुलगा याच भागात वाढला. आई नर्स, वडील मूळचे जमैकाचे. पोरगा पोहण्यात तरबेज होता. पण त्याचा खरा जीव कॉम्प्युटरमध्ये. नुसतं खेळून त्याचं भागत नसे. हे यंत्र आतून चालतं कसं, ते त्याला बघायचं असे. शाळेतल्या कॉम्प्युटरवर कुलपं होती: हे उघडता येणार नाही, ते बसवता येणार नाही. मार्कस वाट शोधायचा आणि आपले खेळ बसवायचा. पुढे एकदा शाळेच्या नेटवर्कवर हल्ला झाला आणि शाळेने त्याच्यावर ठपका ठेवला. तो आपण केलाच नाही, असं तो आजही सांगतो. शाळेने मात्र त्याला तिथले कॉम्प्युटर वापरायला कायमची बंदी केली.

या बंदीपाशी मला थोडं थांबायचं आहे. कुलूप उघडणारा मुलगा सापडला की मोठी माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर त्याला बडवतात, नाहीतर चारचौघांत त्याच्या हुशारीचं कौतुक सांगत सुटतात. त्याच्या शेजारी बसून ‘हे तू कसं केलंस, मला दाखव’ असं म्हणणारं माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मार्कसच्या वाट्याला ते शाळेत आलं नाही. इंटरनेटवर आलं, पण ज्यांनी बोट धरलं ते त्याला भलत्याच रस्त्याने घेऊन गेले.

तिथे त्याच्याच वयाची, त्याच्याच नादाची मुलं होती. काय करून दाखवलंस, एवढीच तिथली विचारपूस. चौदाव्या वर्षी मार्कसने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तिथे दाखवला. त्याला तो कुणावर वापरायचा नव्हता. वाहवा हवी होती, ती मिळाली. मग त्याने आणखी लिहिलं. मग त्यातून थोडे पैसे येऊ लागले. ज्याला आपण ‘हॅकर’ म्हणतो तो एका रात्रीत घडत नाही. पायरी इतकी लहान असते की उतरताना उतार जाणवतच नाही.

एके दिवशी ‘विनी’ हे नाव घेतलेल्या कुणीतरी त्याला काम देऊ केलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये दडून बसेल आणि अँटिव्हायरसला सापडणार नाही असा प्रोग्रॅम लिहायचा. विक्री विनी करणार, नफा अर्धा अर्धा. मार्कस तेव्हा विशीच्याही अलीकडे होता. विनी गोड बोलायचा. वाढदिवसाची भेट पाठवतो म्हणून त्याने मार्कसची जन्मतारीख आणि घरचा पत्ता विचारून घेतला, आणि मार्कसने दिला.

या काळात मार्कसने मनाची समजूत कशी घातली असेल, ते ओळखणं अवघड नाही, कारण या धंद्यातले सगळेच ती घालतात. मी फक्त कोड लिहितो. तो कोण वापरतो, कशाला वापरतो, ते मी बघत नाही. लोहाराने सुरी केली आणि कुणी ती दुसऱ्याच्या पोटात खुपसली, तर लोहाराला फाशी देतात का? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण लोहार भाजी चिरायची सुरी करतो, आणि शंभरातली नव्व्याण्णव गिऱ्हाइकं भाजीच चिरतात. अँटिव्हायरसपासून लपणाऱ्या प्रोग्रॅमने कोणती भाजी चिरायची असते? मार्कसला गिऱ्हाईक दिसत नव्हतं. पण ते कशासाठी येतं, हे कळण्याइतका तो नक्कीच हुशार होता.

पहिल्या प्रोग्रॅमनंतर विनीने नवा मागितला. या वेळी बँकेचे व्यवहार करणाऱ्यांना लुटणारा. त्याची रीत अशी: तुम्ही तुमच्या बँकेचं खरं संकेतस्थळ उघडता. पत्ता बरोबर, कुलपाचं चिन्हही बरोबर. पण तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेला तो प्रोग्रॅम त्या पानात आणखी दोन रकाने घुसडतो आणि पिन मागतो. तुम्ही बँकेवर विश्वास ठेवून तो भरता. इथे मार्कस अडला. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितलं की हा भाग लिहायला त्याने नकार दिला होता. बाकीचं लिहायला मात्र तयार झाला. कित्येक महिन्यांच्या कामानंतर विनीने त्याला कळवलं की तो भाग दुसऱ्याकडून लिहून घेतला आहे आणि मार्कसच्या कामाला जोडलाही आहे. शिवाय आठवण करून दिली की तुझा पत्ता माझ्याकडे आहे. मार्कस घाबरला आणि काम करत राहिला. २०१४ साली हा प्रोग्रॅम ‘क्रोनॉस’ या नावाने चोरबाजारात विक्रीला आला. जाहिरातीतली किंमत सात हजार डॉलर.

कुणाची पेन्शन गेली असेल, कुणाचे दुकानाचे पैसे गेले असतील. घरात घुसणाऱ्या चोराला निदान घर दिसतं, भिंतीवरचे फोटो दिसतात. मार्कससमोर फक्त ओळी होत्या. माणूस नजरेआड राहिला की त्याला दुखावणं सोपं जातं, आणि या गुन्ह्यात तो कायमच नजरेआड असतो.

हळूहळू मार्कस त्यातून बाहेर पडला. त्याला कुणी पकडलं नव्हतं, पोलिसांनी दार ठोठावलं नव्हतं. ‘मालवेअरटेक’ या टोपणनावाने तो लिहू लागला: अमुक व्हायरस कसा चालतो, तो कसा ओळखायचा, चोरांच्या ताब्यातल्या कॉम्प्युटरांचं जाळं कुठे कुठे पसरलं आहे. ज्या हातांनी लपायच्या जागा बांधल्या तेच आता त्या शोधत होते, आणि या कामात त्याच्या तोडीचे लोक थोडेच होते. लॉस एंजेलिसच्या एका सुरक्षा कंपनीने त्याला नोकरी दिली. इल्फ्राकूममध्ये घरी बसून तो काम करू लागला. क्रोनॉस आपण लिहिल्याचं त्याने जाहीर केलं नाही.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे आणखी कुणीतरी हत्यार करून ठेवलं होतं. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था, म्हणजे एनएसए. तिच्या लोकांना विंडोजमध्ये एक फट सापडली होती. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर पोचवणाऱ्या जुन्या यंत्रणेतली ही फट. तिच्यातून मालकाला न कळता आत शिरता येत होतं. संस्थेने ती तेव्हा मायक्रोसॉफ्टला कळवली नाही. हेरगिरीला उपयोगी म्हणून तिच्यावर ‘इटर्नलब्लू’ नावाचं हत्यार बनवलं आणि जपून ठेवलं. ते चोरीला गेलं. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फट बुजवणारा अपडेट काढला, आणि १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने ते हत्यार साऱ्या जगासमोर उघड्यावर टाकलं. आता ते कुणीही उचलावं.

उचललं गेलं. शुक्रवार, १२ मे २०१७. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे पडदे एकामागून एक लाल होऊ लागले: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या तर तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. हा ‘वॉनाक्राय’. तो कुणाच्या क्लिकची वाट बघत नव्हता. एका कॉम्प्युटरवरून शेजारच्यावर, तिथून पुढे, असा आपला आपणच पसरत होता. डॉक्टरांना रुग्णांचे कागद दिसेनात. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, पाच भागांत आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांना दुसरीकडे वळवावं लागलं. नंतरच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या. जगभरात दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. अपडेट येऊन दोन महिने झाले होते, आणि तो ज्यांनी बसवला नव्हता त्यांचीच यंत्रं प्रामुख्याने गेली. ‘नंतर करू’ हे बटण आपणही रोज दाबतो. तिथे त्याची किंमत स्ट्रेचरवरच्या माणसाने मोजली.

मार्कस त्या आठवड्यात सुट्टीवर होता. जेवून घरी आला, बातम्या बघितल्या, आणि एका मित्राकडून वॉनाक्रायची प्रत मिळवून ती उघडून बसला. त्याच्या लक्षात आलं की हा प्रोग्रॅम काही करण्याआधी एका लांबलचक, अर्थहीन अक्षरांच्या वेबपत्त्याला हाक मारतो. तो पत्ता कुणाच्या नावावर नव्हता. अशा व्हायरसचा पसारा मोजण्यासाठी असे पत्ते आपल्या नावावर करून घ्यायचे, ही त्याच्या कामाची नेहमीची पद्धत. त्याने १० डॉलर ६९ सेंट भरले आणि पत्ता घेतला.

आणि वॉनाक्राय थांबला. त्या पत्त्यावरून उत्तर आलं तर काहीही न करता बंद व्हायचं, असं त्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं होतं. पत्ता घेताना मार्कसला हे ठाऊक नव्हतं. उलट आपल्याच हातून काही बिघडलं की काय, या शंकेने त्याचा जीव थोडा वेळ टांगणीला लागला होता. ज्या फाइली कुलूपबंद झाल्या होत्या त्या तशाच राहिल्या. पण पुढचं सारं वाचलं. नंतरचे कित्येक दिवस तो आणि त्याचे सहकारी जवळजवळ झोपले नाहीत, कारण तो पत्ता पाडला तर वॉनाक्राय पुन्हा सुटेल, हे ओळखून काही लोक मुद्दाम त्याच्यावर हल्ले चढवत होते. त्या हल्ल्यांतून कुणाला एक पैसा मिळणार नव्हता. आग पुन्हा पेटलेली बघायची, एवढंच. या जगात अशीही माणसं असतात.

‘मी फक्त हत्यार केलं, वापरलं दुसऱ्याने’ ही मार्कसची समजूत आणि एनएसएचं वागणं यांत मला मोठा फरक दिसत नाही. मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ यांनी त्याच आठवड्यात जाहीरपणे लिहिलं की सरकारने दडवून ठेवलेलं असं हत्यार चोरीला जाणं म्हणजे लष्कराची क्षेपणास्त्रं चोरीला जाण्यासारखं आहे. पुढच्याच महिन्यात त्याच हत्याराचा आधार घेऊन ‘नॉटपेट्या’ पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं काम जगभर कोलमडलं. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. ती फट दडवायचं ठरवणाऱ्या कुणालाही न्यायालयात उभं राहावं लागलं नाही.

मार्कसला मात्र लागलं. वॉनाक्राय थांबवणारा कोण, हे वृत्तपत्रांनी दोन दिवसांत शोधून काढलं आणि त्याचा चेहरा छापला. एका संस्थेने त्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ते त्याने दान करायचं ठरवलं. जुलैमध्ये तो लास व्हेगासला हॅकरांच्या संमेलनाला गेला. परतताना, २ ऑगस्ट २०१७ रोजी, विमानतळावर एफबीआयने त्याला अटक केली. आरोप क्रोनॉसचा.

मग दोन बाजू पडल्या. एकीकडचे म्हणाले, ज्याने रुग्णालयं वाचवली त्याला बेड्या? दुसरीकडचे म्हणाले, चोर तो चोर. एका दुपारच्या पुण्याने चोरी धुतली जात नाही. अनोळखी लोकांनी त्याच्या जामिनाचे पैसे भरले. खटला दोन वर्षं चालला, आणि तेवढ्या काळात तो मायदेशी जाऊ शकला नाही. २०१८ मध्ये क्रोनॉसची नवी आवृत्ती जर्मनी, जपान आणि पोलंडमधल्या लोकांवर सोडलेली आढळली. लिहिणाऱ्याने लिहिणं कधीच थांबवलं होतं; लिहिलेलं थांबलं नव्हतं.

एप्रिल २०१९ मध्ये मार्कसने दहापैकी दोन आरोपांत गुन्हा कबूल केला. मी लहान होतो, मला धमकावलं, मी नंतर जग वाचवलं, असं सांगायला जागा होती. त्याने जाहीर निवेदनात पश्चात्ताप व्यक्त केला आणि जबाबदारी पूर्णपणे आपली असल्याचं लिहिलं. नव्या मुलांना त्याने हेही सांगितलं की सुरक्षेतला जाणकार व्हायला आधी काळोखातून जावं लागतं, हा समज खोटा आहे. लागतं ते सगळं कायद्यात राहून शिकता येतं. माझ्या मते त्याने केलेल्या कामांत हे सर्वांत कठीण होतं. वॉनाक्राय थांबवताना त्याला आपण काय करतो आहोत ते माहीत नव्हतं. कबुली देताना पुरतं माहीत होतं: दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

२६ जुलै २०१९ रोजी मिलवॉकीच्या न्यायालयात निकाल लागला. न्यायमूर्ती जे. पी. स्टाटमुलर तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते. मार्कसने उभं राहून, क्रोनॉसमुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांची माफी मागितली. न्यायमूर्तींनी क्रोनॉसला क्षुल्लक म्हटलं नाही. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला जमा फार आहे, असं ते म्हणाले. पकडलं जाण्याच्या आधीच या तरुणाने वाट बदलली होती, ते त्यांनी ध्यानात घेतलं. कॉम्प्युटरच्या सुरक्षेची आजची दुबळी अवस्था दूर करायची तर उपाय अशाच कौशल्याच्या माणसांकडून यावे लागतील, असंही त्यांनी सांगितलं. शिक्षा दिली ती भोगून झालेल्या कोठडीएवढी आणि वर एक वर्ष देखरेखीची. आणि त्याला घरी जायची मोकळीक दिली.