नकाराचे उत्तरदायित्व

एखाद्या गोष्टीस नकार देण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो त्या नकाराच्या परिणामांनाही उत्तरदायी असतो काय? प्रश्न वरकरणी सोपा भासतो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीवर सत्ता चालविणाऱ्या चार मित्रराष्ट्रांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्यातील अवघडपणा ध्यानात येतो.

५ जून १९४५ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएत रशिया यांनी जर्मनीची सर्वोच्च सत्ता आपल्याकडे घेतली. चार विभागांत चार सरसेनापती आणि समग्र देशाच्या प्रश्नांसाठी त्या चौघांचे बर्लिन येथील नियंत्रण मंडळ, अशी ती योजना होती. मंडळाचे निर्णय एकमतानेच व्हावयाचे. अर्थ, वाहतूक, दळणवळण, परदेशी व्यापार व उद्योग यांसाठी संपूर्ण जर्मनीची मध्यवर्ती खाती असावीत, असे पॉट्सडॅम परिषदेत ठरले होते. फ्रान्सला त्या परिषदेचे निमंत्रण नव्हते. त्याने मंडळात या योजनेस नकार दिला आणि ती खाती निघालीच नाहीत. पुढे मे १९४६ मध्ये अमेरिकन जनरल क्ले यांनी आपल्या विभागातून जाणारी युद्धभरपाई थांबविली. २० मार्च १९४८ रोजी रशियाचे मार्शल सोकोलोव्हस्की बैठक सोडून गेले. त्याच वर्षी २४ जूनला बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली, ती १२ मे १९४९ पर्यंत टिकली.

यांपैकी कोणाचाही नकार निष्कारण नव्हता. सत्तर वर्षांत तीनदा जर्मन सैन्य ज्याच्या भूमीत शिरले, त्या फ्रान्सला अखंड जर्मनीचे भय वाटावे, हे स्वाभाविक होते. उद्ध्वस्त झालेल्या रशियाला भरपाई हवी होती. तर जर्मनांच्या अन्नाचा खर्च आपल्या करदात्यांवर पडतो, हे अमेरिकेचे गाऱ्हाणेही खरे होते. बहुमताचा नियम असता, तर तिघांनी चौथ्यावर सक्ती केली असती आणि तो चौथा मुळात मंडळात आलाच नसता. तेव्हा नकाराचा अधिकार हाच अनीतिमूलक होता, असे म्हणता येत नाही.

परंतु एक गोष्ट विचार करावयास लावते. मंडळ बंद पडल्यावरही त्याच इमारतीतील चौघांचे हवाई सुरक्षा केंद्र १९९० पर्यंत चालू राहिले. तेथे एकमत का साधले? विमानांची टक्कर झाली असती, तर त्यांचे स्वतःचेच वैमानिक प्राणास मुकले असते. उलट मध्यवर्ती खाती न निघाल्याने ज्यांचे हाल व्हावयाचे, त्यांना मंडळात आसनच नव्हते. जेथे हानी आपली, तेथे तडजोड सुचते. जेथे ती दुसऱ्याची, तेथे आपल्या आग्रहाला आपण तत्त्व म्हणतो.

ज्या जर्मनीने युरोपभर अनन्वित अत्याचार केले, तिच्या प्रजेची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु पराभूतांची सत्ता स्वीकारणे म्हणजे त्यांच्या संसाराचा भार स्वीकारणे होय. त्या दिवसापासून निष्क्रियता हीदेखील एक कृतीच ठरते.

आपल्यासारख्या, फायलींत आयुष्य घालविणाऱ्यांना हे परके वाटू नये. टिप्पणीखाली ‘मान्य नाही’ एवढा शेरा मारून प्रकरण परत धाडण्याचा अधिकार आपल्यालाही असतो, आणि तो असावयासही हवा. मात्र अर्जदार त्या खोलीत नसतो. म्हणून नकार देणाऱ्याने ‘मग काय करावे’ हेही त्याच कागदावर लिहावे. तेवढे केले नाही, तर त्याचे कर्तव्य अर्धेच राहते.