रिकाम्या हाताने आलेला मनुष्य काय हरतो?

पेण तालुक्यातील जिते येथील एका बंधूंनी आम्हांस असा प्रश्न घातला आहे की, जो मनुष्य स्वतःची एक कवडीही पणास लावीत नाही, त्यास जुगारी म्हणावे काय? त्यांचा रोख दूरचित्रवाणीवरील पेट्यांच्या खेळाकडे आहे. प्रश्न लहान दिसतो, पण उत्तर सोपे नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांजकरिता थोडक्यात सांगतो. हॉलंड देशात सन २००२ मध्ये तो आजच्या रूपात प्रथम दाखविण्यात आला, आणि सन २००५ मध्ये 'डील या नो डील' या नावाने सोनी वाहिनीवर हिंदीत आला. हॉलंडमधील खेळात २६ पेट्या असत. एकीत एक सेंट, म्हणजे युरो या नाण्याचा शंभरावा भाग, तर दुसरीत पन्नास लक्ष युरो. खेळणाऱ्याने एक पेटी आपली म्हणून निवडावी व ती बंदच ठेवावी. मग बाकीच्या थोड्याथोड्या उघडीत जावे. प्रत्येक फेरीनंतर दूरध्वनी वाजतो व एक सावकार त्याची बंद पेटी विकत मागतो. (आपल्या गावचा सावकार निदान ओटीवर बसून तोंड तरी दाखवीत असे, हा तेवढेही करीत नाही.) रक्कम घ्यावी व घरी जावे, नाहीतर पुढे खेळावे. यात विद्या लागत नाही, बळ लागत नाही. म्हणूनच शाळा न पाहिलेली आजीही घरबसल्या 'नको, नको, घेऊ नको' असे ओरडते. अक्षरशत्रूसही पंडिताच्या बरोबरीने बसविणारा खेळ लोकांस प्रिय झाला, यात नवल ते काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेळणारा म्हणतो, 'रिकाम्या हाताने आलो, रिकाम्या हाताने जाईन. माझे काय गेले?' पहिला दूरध्वनी वाजेपर्यंत हे म्हणणे खरे आहे. परंतु सावकाराने चार लक्ष रुपये देऊ केले, की त्या क्षणापासून ते चार लक्ष त्याचेच झाले. होय म्हणण्याचाच काय तो अवकाश. नाही म्हणणारा मनुष्य ते चार लक्ष पणास लावितो. खिशातून काढलेले नाहीत म्हणून ते पैसे हलके वाटतात, एवढेच. त्या पैशांनी घराचे कौल बदलले असते, सोसायटीचे कर्ज फिटले असते. त्या कौलास व त्या कर्जास पैसा कोठून आला याची विचारपूस नसते.

तथापि प्रत्येक नकार म्हणजे लोभ, असे आम्ही म्हणत नाही. सावकार आरंभी उरलेल्या पेट्यांच्या सरासरीपेक्षा पुष्कळच कमी देतो, कारण खेळ लांबावा अशी त्याची इच्छा असते. शेवटाकडे मात्र सरासरीच्या जवळ येतो. तेव्हा आरंभीचा नकार हा विचारी मनुष्याचाही असू शकेल. खरी परीक्षा मोठी पेटी हातची गेल्यावर होते. सन २००८ मध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी हॉलंड, जर्मनी व अमेरिका येथील १५१ खेळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका हॉलंडवासीयाची हकीकत आहे. मोठ्या रकमा गमावल्यावर त्याजपुढे शेवटी दोनच रकमा उरल्या, १० युरो व १०,००० युरो. सरासरी ५,००५; सावकाराने देऊ केले ६,०००. एवढे असूनही त्याने नाही म्हटले, आणि १० युरो घेऊन घरी गेला. तो हिशेबात कच्चा होता असे आम्हांस वाटत नाही. जे गेले ते त्यास अजून आपलेच वाटत होते, म्हणून समोरचे सहा हजार त्यास तुटीसारखे दिसले. द्यूतात हरत गेलेला धर्मराज थांबला का नाही, याचेही उत्तर येथेच आहे.

मग या बक्षिसांचा पैसा कोण भरतो? मटक्यात हिशेब उघड असतो: दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावावा, आकडा लागल्यास नऊ मिळावे, दहावा भाग चालविणाराचा. दूरचित्रवाणीवर तो जाहिरातींतून, म्हणजे साबण घेणाऱ्या आपल्याच आयाबहिणींकडून येतो. कधी प्रेक्षकासही खेळात ओढतात. सन २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमात घरच्या प्रेक्षकांनी सोप्या प्रश्नाचे उत्तर भ्रमणध्वनीवरून सशुल्क संदेशाने पाठवावे व बरोबर उत्तरांतून एकास बक्षीस मिळावे, अशी योजना होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सन २००८ मध्ये वाहिनी व दूरध्वनी कंपनी यांजवर एक कोटी रुपयांचा भुर्दंड बसविला. सन २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, कारण बक्षीस त्या संदेशांच्या उत्पन्नातून दिले गेले असे म्हणण्यास पुरावा नव्हता. न्यायालयाचा निकाल आम्हांस मान्य आहे. परंतु रात्री दहा संदेश धाडणाऱ्या मजुराचे पैसे गेले ते गेलेच.

जितेकर बंधू शेवटी विचारितात की, पावसावर भात पेरणे हाही जुगारच नव्हे काय? नव्हे. पीक बुडाले तर शेजाऱ्याची कणगी त्यामुळे भरत नाही, आणि पेरणाऱ्याचे श्रम दाण्याच्या वाढीस कारण होतात. पेटी उघडणाराच्या श्रमाने पेटीतील रक्कम वाढत नाही. चिठ्ठ्या टाकणे हेही सर्वस्वी वाईट नाही. शिष्यांनी मत्थियास चिठ्ठ्या टाकून निवडिले. शिपायांनी झग्यासाठी टाकिल्या. चिठ्ठ्या त्याच होत्या.

घरी मुले असा खेळ पाहत असतील, तर त्यांस ओरडून उठवू नये. दूरध्वनी वाजला की देऊ केलेली रक्कम पाटीवर मांडावयास सांगावी, व त्याखाली तेवढ्यात किती खंडी भात येईल तेही लिहावयास लावावे.