शुद्ध हरपली, मग दोष कुणाचा?



“मी शुद्धीत नव्हतो” ही सबब आपण घरात ऐकतो, पंचांपुढे ऐकतो, कोर्टातही ऐकतो. रात्री बायकोवर हात उगारणारा सकाळी हेच सांगतो. ज्याला भानच नव्हते त्याला दोषी कसे धरावे, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. शिवाय आपला धम्म चेतनेला, म्हणजे कृतीमागच्या हेतूला महत्त्व देणारा. मग ज्याच्या मनात मारण्याचा हेतू नव्हता, त्याच्या माथी मनुष्यवध कसा मारायचा?

एक घडलेली गोष्ट पाहा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क सापडला. कायद्याची मर्यादा ३० ची. सत्र न्यायालयाने केवळ हयगय धरून सहा महिन्यांची कैद आणि दंड दिला. उच्च न्यायालयाने २००७ साली ती कैद तीन वर्षांची केली व जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षे! जे रस्ता करीत होते, त्यांना झोपायलाही रस्त्याचीच कड होती.

तथापि त्या निकालामागचा विचार लक्षात घ्या. हेतू नसेल, पण जाणीव होती, म्हणून तो सदोष मनुष्यवध. आपला फौजदारी कायदा असे धरून चालतो की, स्वतःहून नशा केलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती. कुणी फसवून वा जबरीने पाजली असेल तर गोष्ट निराळी.

हे न्याय्य आहे काय? माझ्या मते आहे. कारण पहिला पेला माणूस शुद्धीतच उचलतो, आणि गाडीची किल्ली त्या वेळी त्याच्या खिशात असते. चेतना शोधायची ती तेथे. धडक बसली त्या क्षणी नव्हे. पाचव्या शीलात मद्याला ‘पमादट्ठान’ म्हटले आहे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण. पहिली चार शीले ज्याच्या भरवशावर पाळायची, तो पहारेकरीच येथे झोपी जातो.

म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ कुणी मरण्याची वाट पाहत नाही. पिऊन गाडी चालवणे हाच गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड २,००० च्या वर जात नसे. गांजा-गोळ्यांना असा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा राखता येऊ नये इतका अंमल चढला की गुन्हा झाला.

दहा हजारांत रिक्षावाल्याची चूल महिनाभर थंडावते आणि बंगलेवाल्याला त्याची दखलही नसते, हे खरे. पण त्यासाठी दंड कमी करा असे मी म्हणणार नाही. पिणाऱ्याच्या चाकाखाली पायी चालणाराही येतो.

आणखी एक कलम आहे, १८८. या गुन्ह्यास अपप्रेरणा देणाऱ्यालाही तीच शिक्षा. दीक्षा घेतली तरी काही घरी हळदीच्या रात्री बाटली फुटतेच. ते लपवून काय उपयोग? पाहुणा प्यालेला आहे हे ठाऊक असून त्याच्या हाती किल्ली देणारा यजमान या कलमात सापडू शकतो. तेव्हा अशा पाहुण्याकडून किल्ली मागून घ्या. तो रागावेल, मानपानाची भाषा करील. करू द्या. ओटीवर सतरंजी टाका, उशाला पाण्याचा तांब्या ठेवा आणि उजाडल्यावर, नशा पुरती उतरली की चहा देऊन वाटेला लावा.