छातीच्या फोटोतली सावली

रिपोर्ट समोर ठेवा, मोबाइल जरा लांब. ‘उजव्या फुप्फुसात खाली अस्पष्ट सावली, सीटी स्कॅन करावा’ असं काहीसं त्यात असेल. ती ओळ पुन्हा सावकाश वाचा. तिच्यात आजाराचं नाव आहे का? नसेल, तर आपल्या मनाने जोडलेलं नावही घटकाभर बाजूला राहू दे.

फोटो काढला तेव्हाचं आठवा. छाती थंडगार प्लेटला टेकलेली, खांदे पुढे ओढलेले. ‘श्वास घ्या... रोखून धरा.’ किरण पाठीतून शिरले, छातीतून बाहेर पडले. हवेतून गेले तिथे काळं उमटलं, हाडाने अडवले तिथे पांढरं. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, स्तनाग्रं, सगळ्यांच्या सावल्या एकाच सपाट चित्रात एकमेकींवर पडल्या. बरगडीवर रक्तवाहिनी आली, तरी गाठ असल्याचा भास होतो. श्वास अपुरा भरला, तर फुप्फुसाचा तळ गढूळ दिसतो.

आता एक श्वास पुरता भरून घ्या. सावकाश सोडा.

सावली खरी असेल, तर कशाची? बऱ्या झालेल्या क्षयाचा वण असेल. असा वण वागवणाऱ्या कित्येकांना आपल्याला क्षय होऊन गेल्याचा पत्ताही नसतो. न्यूमोनियाचा शेष असेल. ताप उतरला तरी तो काही आठवडे रेंगाळतो, म्हणून बहुधा सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. कर्करोगही असू शकेल. त्या शब्दाकडे पाठ फिरवू नका. इतर शक्यतांच्या ओळीत त्यालाही बसू द्या. सगळी जागा मात्र देऊ नका.

सीटीत छातीच्या पातळ चकत्या दिसतात, एकमेकींवर पडलेल्या सावल्या सुट्या होतात. कधी त्यानंतरही उत्तर येतं, ‘सहा महिन्यांनी पुन्हा बघू.’ हे ऐकून वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. पण छोट्या गाठीचा स्वभाव एका चित्रात कळत नाही, तो तिच्या वाढण्या-न वाढण्यात कळतो. छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांची संघटना असलेल्या फ्लाइश्नर सोसायटीच्या 2017 च्या शिफारशींनुसार जोखीम कमी असलेल्या प्रौढात 6 मिलिमीटरहून लहान एकच घन गाठ आढळली, तर सहसा पुढच्या स्कॅनचीही गरज नसते. 6 ते 8 मिलिमीटर असेल, तर 6 ते 12 महिन्यांनी पाहतात. धूम्रपान, वय, आधीचा कर्करोग यांनी हा हिशेब बदलतो. घन गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी मानतात.

म्हणजे थांबणं हाही तपासाचाच भाग. मात्र थुंकीतून रक्त, वाढती धाप, विनाकारण उतरणारं वजन, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, यांतलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना गाठा.

मन पुन्हा भरकटेल. भरकटू द्या, आणि हात कामाला लावा. कपाटातल्या जुन्या फिल्म शोधा, पाच वर्षांपूर्वीच्या नोकरीच्या मेडिकलची असली तरी चालेल. तीच सावली तिच्यातही असेल, तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं. कागदावर तीन प्रश्न लिहा: केवढी आहे? आधी होती का? पुढचा फोटो कधी? तिसऱ्याचं उत्तर मिळालं की ती तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.