तण कोणाचे?

कंधारच्या आसपास, मन्याड नदीच्या खोऱ्यातील काळ्या रानात, ज्वारीच्या पायाशी पाथरी उगवते. भुईला चिकटून पसरलेली दातेरी पाने, मोडताच पाझरणारा पांढरा चीक, पिवळे फूल आणि वाऱ्यावर तरंगत जाणारे कापशी बी पाहिले म्हणजे ती युरोपातील डँडेलियनची नातलग आहे हे ध्यानात येते. ते नाव फ्रेंच भाषेतील ‘सिंहाचा दात’ यावरून पडले. आपल्याकडे पाथरी पाहून सिंह कोणाला आठवला नाही. खुरपायला आलेल्या बायांनी कोवळी पाने खुडावी आणि बांधावर बसून भाकरीबरोबर कच्चीच खावी, एवढेच.

शेतमालकाच्या लेखी मात्र पाथरी हे तण होय. आता ‘तण’ ही काही वनस्पतिशास्त्रातील जात नव्हे. तो एक निवाडा आहे, आणि पीक मोजणाऱ्याने तो दिलेला आहे. मालकाची बाजू खोटी नाही, कारण ओल थोडी आणि वाटेकरी फार. परंतु जे रोपटे उपटण्याबद्दल तो बाईला मजुरी देतो, तेच रोपटे ती ओटीत घालून घरी नेते.

टू-फोर-डी हे तणनाशक 1945 साली बाजारात आले. शेतकरी त्यास ‘औषध’ म्हणतो. ते रुंद पानांची झाडे मारते व ज्वारीसारखे गवतवर्गीय पीक राखते, म्हणून त्यास ‘निवडक’ अशी पदवी आहे. निवड कोणाची, हे डब्यावर छापलेले नसते. फवारणीने खुरपणीची मजुरी वाचते, ती त्या बाईची. भाजी जाते, तीही तिचीच. मालकाच्या वहीत पहिली रक्कम तेवढी चढते.

कोणी म्हणेल, पाथरीचे गुण सिद्ध करा, तिला बाजार मिळवून द्या, म्हणजे ती वाचेल. हा उपाय आम्हांस निर्धोक वाटत नाही. तिएनशान पर्वताच्या खोऱ्यांतील कोक-सघीझ हे डँडेलियनच. त्याच्या मुळांत रबर आहे हे सोव्हिएत शास्त्रज्ञांना 1930 च्या दशकात कळले. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला, तेव्हा आउश्वित्झजवळील राय्स्को येथे नाझींनी याच रोपट्याच्या संशोधनासाठी कैदी स्त्रियांना राबविले. तण पिकाच्या पंक्तीला चढले, आणि माणसे तणाच्या पंक्तीला बसविली गेली. उपयोग सिद्ध झाला होता; कोणाच्या उपयोगाचे, हे मात्र बळवंतांनी ठरविले.

आणखी एक गोष्ट. पाथरी कच्ची खातात, आणि काल फवारलेले पान आज दिसायला न फवारलेल्या पानासारखेच असते. बांधावरून जाणाऱ्या बाईला हे सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, मग ती त्याच्या मजुरीवर असो वा नसो, असे आम्ही समजतो.